माशाची नाडी

वैद्याने नाडी पाहावी, डॉक्टरने जीभ पाहावी आणि शेजाऱ्याने नुसते तोंड पाहून रोग सांगावा, ही आपल्याकडची जुनी वाटणी. पण ज्याला हात नाही, ज्याची जीभ दिसत नाही आणि ज्याचे तोंड सुखात नि दुःखात सारखेच उघडझाप करीत असते, अशा रोग्याने जावे कोणाकडे? हत्तींना पालकाप्य मुनी लाभले, घोड्यांना शालिहोत्र लाभले. माशाच्या वाट्याला आला तो आचारी. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ (शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९) आम्हां मराठीच्या मास्तरांना ठाऊक असतो तो त्यातल्या जुन्या मराठी पद्यामुळे. त्याच ग्रंथात माशांच्या विनोदाचेही एक प्रकरण आहे. समुद्रातले मासे कोणते, नदीतले कोणते, कोणाला काय खाऊ घालावे, हे राजाने मोठ्या हौसेने सांगितले आहे. मात्र हा सारा पाहुणचार गळाला लावण्यासाठी! त्या मानाने मनू बरा. त्याच्या ओंजळीत आलेला चिमुकला मासा त्याने आधी घड्यात ठेवला, मासा वाढला तसे मोठे पाणी दिले आणि शेवटी त्याला समुद्रात नेऊन सोडले. आजचे हौशी लोक नेमके उलटे करतात. समुद्रातला मासा आणून घड्यात ठेवतात.

आणि घडा तरी कुठे, तर कर्जत-खालापुरात! हे दोन्ही तालुके रायगड जिल्ह्यातले खरे, पण समुद्राशी आमचा संबंध बाजारातल्या सुक्या बोंबलाइतका आणि सुकटीइतकाच. आमचा मासा उल्हास नदीचा, पेज नदीचा, पाताळगंगेचा. पहिल्या पावसात ओढ्यांतून, भातखाचरांतून उलट्या धारेने चढणारी वलगणीची मासळी हाच आमच्याकडचा मोठा मत्स्योत्सव. समुद्रातला मासा जिवंत पोहताना पाहायचा तर शाळेच्या सहलीबरोबर मुंबईला जावे लागे. १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले, त्याच्या काचांना नाक लावून आमच्या इकडच्या दोन-तीन पिढ्यांनी समुद्र पाहिला. आता काळ बदलला. इकडे बंगले झाले, संकुले झाली, आणि २००३ साली ‘फाइंडिंग निमो’ हा चित्रपट आल्यापासून नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाऊनफिश आपल्या दिवाणखान्यात असावा असे पोरांनाच नव्हे, त्यांच्या बापांनाही वाटू लागले. कुर्ल्याच्या बाजारात प्लास्टिकच्या पिशवीत प्राणवायू भरून घेतलेला मासा कर्जत लोकलने येतो, आणि धनी खोपोलीचा असेल तर पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी करीत घरी पोचतो.

दुखण्याचे बीज पुष्कळदा या प्रवासातच पडते. बंद पिशवीत माशाने सोडलेला कर्बवायू साठतो आणि पाणी थोडे आंबटाकडे झुकते. त्याच पाण्यात माशाच्या मलमूत्राचा अमोनियाही असतो. पण पाणी आंबट आहे तोवर तो बराचसा निरुपद्रवी रूपात राहतो. घरी आल्यावर पिशवी उघडली की कर्बवायू उडून जातो, पाण्याचा आंबटपणा जातो आणि तोच अमोनिया विषारी होतो. मग मंडळी प्रेमाने तासभर त्या उघड्या पिशवीत पेटीतले पाणी थेंबथेंब सोडीत बसतात. पिशवी बंद असतानाच पेटीत तरंगत ठेवून आतल्या पाण्याची ऊब सारखी करावी, आणि एकदा उघडली की फार वेळ न घालवता मासा काढून घ्यावा. पिशवीतले पाणी मोरीत.

मी पडलो मराठीचा मास्तर. वृत्ते आणि अलंकार शिकवणाऱ्याकडे लोक माशांची प्रकृती घेऊन का येतात, तर आमच्या घरी खाऱ्या पाण्याची एक पेटी बरीच वर्षे टिकून आहे, एवढ्यासाठीच. आपल्याकडे ज्याचे पोर वाचले तो डॉक्टर.

गेल्या श्रावणात खोपोलीच्या एका स्नेह्यांचा फोन आला.

“सर, आमच्या निळ्या टँगला पुरळ उठलंय. साखर शिंपडल्यागत दिसतोय.”

“खातोय का?”

“आज सकाळपासून नाही.”

मागून वहिनींचा आवाज आला, “सकाळपासून नाही हो सर, परवापासून. मी सांगतच होते यांना.”

माशाच्या दुखण्यात पहिली साक्ष घ्यावी ती त्याला रोज खाऊ घालणाराची. पेटी विकत आणणारा सहसा रंग पाहतो. खाऊ घालणारा भूक पाहतो. वहिनींनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. मासा दगडाला अंग घासतो, आणि पाण्याची धार जिथे पडते तिथेच तोंड करून उभा राहतो. एवढ्यावर निम्मे निदान झाले होते.

उपचार मात्र आधीच सुरू झाले होते. शेजारच्यांनी सांगितले, “मूठभर मीठ टाका, आमच्या गोल्डफिशचे ठिपके मिठानेच गेले.” एका नातेवाइकाने हळद सुचवली. आणि एका दुकानातून आणलेली निळ्या औषधाची बाटली यजमानांनी सरळ मोठ्या पेटीत ओतली होती.

शेजारच्यांचा सल्ला खोटा नव्हता, पत्ता चुकलेला होता. गोड्या पाण्यातल्या माशाच्या पांढऱ्या ठिपक्यांवर मीठ चालते. पण जो अष्टौप्रहर मिठातच राहतो त्याला मिठाचे काय कौतुक? समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे २०० लिटरच्या पेटीत ७ किलो. माशाच्या रक्तातले क्षार याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याचे. खारे पाणी भोवताली असल्यामुळे माशाच्या अंगातले पाणी सारखे बाहेर ओढले जाते, लोणच्याला मीठ लावले की कैरीला पाणी सुटते तसे. म्हणून समुद्रातला मासा दिवसभर पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. आमच्या उल्हास नदीतल्या माशाचे याच्या अगदी उलट: त्याच्या अंगात पाणी आपोआप शिरत असते, त्याला पिण्याची गरजच नाही. समुद्रात राहून तहानलेला आणि नदीत राहून पाणी न पिणारा, असे हे दोन भाऊ. त्यामुळे एकाचे औषध ते दुसऱ्याचे नव्हे. किंबहुना खाऱ्या माशाच्या कातडीवर किंवा कल्ल्यांवर जखम झाली की तो पाण्यात बुडालेला असूनही सुकू लागतो.

मी खोपोलीला पोचलो तेव्हा पेटीतल्या गोगलगायी उलथ्या पडल्या होत्या आणि कोळंबी मेली होती. बाटलीत तांबे होते हे त्यांनी आपल्या मरणाने सांगितले. माशाला जेवढे तांबे सोसते त्याच्या अंशानेही गोगलगाय, कोळंबी, समुद्रफूल आणि प्रवाळ मरतात.

माशाची नाडी त्याच्या कल्ल्यांत असते. घड्याळ हातात घ्यावे आणि कल्ल्याचे झाकण मिनिटात किती वेळा उघडते ते मोजावे. आपला मासा धडधाकट असताना एकदा मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलेले असले तर उत्तम, कारण प्रत्येक जातीची चाल निराळी. तरी शंभराच्या पुढे गेली की काळजी करावी. टँगची नाडी मोजण्यापलीकडे गेली होती. दोन क्लाऊनफिशांची नव्वदीत होती.

नाडी जलद म्हणजे रोगच, असे मात्र नाही. आधी पाणी तपासावे. अमोनिया किंवा नायट्राइट वाढला असेल तर सगळेच मासे एकदम धापा टाकतात, अंगावर ठिपका नसतानाही. ऊब वाढली तरी तेच. २५ अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे ८ मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू मावतो, खाऱ्यात पावणेसात. आणि वैशाखात चाळिशी ओलांडणाऱ्या आमच्या कर्जतेत तो आणखी कमी. अशा वेळी औषध ओतणे म्हणजे धुराने गुदमरलेल्या माणसाला कुनैन देणे होय.

पाणी निर्दोष निघाले तर मग अंग पाहावे. ठिपके मिठाच्या कणाएवढे, सुटेसुटे, मोजता येण्याजोगे असतील तर तो क्रिप्टोकॅरिऑन. खोलीतला दिवा मालवून विजेरीचा तिरपा झोत टाकल्यावर पिठीसारखी, सोनेरी झाक असलेली धूळ दिसली तर तो अमायलूडिनियम; हा दुष्ट दोन-चार दिवसांत पेटी रिकामी करतो. क्लाऊनफिशच्या अंगावरून पांढरट चिकट पापुद्रे सुटत असतील तर बहुधा ब्रुकलिनेला, त्याला तांब्याचा उपयोग नाही. आणि पराच्या कडेला फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी गाठ आली असेल तर तो विषाणू. त्याला काही करू नये, पुष्कळदा आपोआप जातो.

रात्री आठच्या सुमारास टँग गेला. रोगजंतू मेलेल्या माशाचे अंग लगेच सोडून जातात, म्हणून वेळ न दवडता त्याच्या पराचा तुकडा पेटीच्याच पाण्यात घेऊन आम्ही गावातल्या एका ओळखीच्या लॅबवाल्याकडे गेलो. लघवी आणि रक्त तपासून कंटाळलेला तो तरुण मोठ्या उत्साहाने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला. काचेखाली गोल, काळपट, स्वतःभोवती सावकाश गरगरणारे जीव दिसले. क्रिप्टोकॅरिऑनच. हे बारसे लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या मत्स्यालयात झालेले. तिथल्या माशांवरून ई. एम. ब्राऊन यांनी १९३१ साली त्या सोनेरी धुळीचे आणि १९५१ साली या पांढऱ्या ठिपक्यांचे वर्णन केले. मुंबईकरांना समुद्राची काच मिळाली त्याच वर्षी काचेआडच्या या रोगाला नावही मिळाले, हा योगायोगच.

आता गंमत सांगतो, आणि सगळा घोळ या गमतीतच आहे. आम्ही परत आलो तर यजमान म्हणाले, “पण सर, क्लाऊनफिशचे ठिपके तर आज कमी झालेत. औषध लागू पडलंय.”

ठिपके कमी झाले होते हे खरे. औषधाने नव्हे. हा जीव माशाच्या कातडीखाली तीन ते सात दिवस राहतो, पोट भरले की आपल्या पायांनी, म्हणजे अंगावरच्या केसांनी, बाहेर पडतो, पेटीच्या तळाशी चिकटून स्वतःभोवती कोष करतो आणि आत एकाचे अनेक होतात. एका कोषातून शेदोनशे पिले निघू शकतात. कोषातला हा मुक्काम बहुधा आठवडाभराचा, पण कधी तीन दिवसांचा तर कधी चार आठवड्यांचा. बाहेर पडलेल्या पिलांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. औषधाचा वार चालतो तो एवढ्या पोहणाऱ्या पिलांवर. कातडीखालचा जीव सुरक्षित, कोषातला त्याहून सुरक्षित.

तेव्हा चौथ्या दिवशी ठिपके जातात ते तुम्ही हळद टाकली तरी जातात, लसूण चारली तरी जातात आणि सत्यनारायण घातला तरी जातात. धनी खूश होतो, बाटलीचे नाव चार लोकांना सांगतो, आणि दहा-बारा दिवसांनी पाच ठिपक्यांच्या जागी पाचशे उठतात. तेव्हा त्याला वाटते, नवा रोग आला. एकाआड एक दिवस येणाऱ्या हिवतापात आपल्या पूर्वजांचे हेच होई. मधल्या दिवशी ताप उतरला की दंडात बांधलेल्या दोऱ्याला श्रेय मिळे. तो जीव मधल्या काळात कुठे दडतो याचा एक पत्ता १८९७ साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसना डासाच्या पोटात लागला. माशाच्या बाबतीत तो डास म्हणजे तुमच्या पेटीतली वाळू. बाजारातल्या निम्म्या रामबाण औषधांची कीर्ती या मधल्या मोकळ्या दिवसांवर उभी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

यजमानांना हे पटायला अर्धा तास लागला. वहिनींना दोन मिनिटे.

मग आम्ही रोगी घराबाहेर काढला. ६० लिटरचा प्लास्टिकचा टब, त्यात वाळू नाही, दगड नाही, लपायला फक्त पीव्हीसी नळीचे दोन तुकडे, आणि एक हवेचा पंप. वाळू-दगड नको, कारण शिंपल्याची वाळू तांबे शोषून घेते आणि कोषांना घर देते. उपाय दोन होते. एक तांबे. लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम, याहून कमी झाले तर जंतू मरत नाही, वाढले तर मासा मरतो. आमच्याकडचे बागायतदार झाडांवर मारतात तो मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार. चाळीस लिटर पाण्याला तो लागेल तांदळाच्या दीड दाण्याच्या वजनाइतका! एके काळी परदेशात हौशी लोक पेटीत तांब्याचे नाणे टाकीत. आपणही रेल्वेच्या पुलावरून नदीत टाकत आलो. दोन्हीकडे हिशेब देवावर. तपासणीचे साहित्य हाताशी ठेवून दिवसातून दोनदा मोजायची तयारी नसेल त्याने तांब्याच्या वाटेला जाऊ नये.

दुसरा उपाय आम्ही घेतला. पाण्याचा खारेपणाच उतरवायचा. समुद्राच्या पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास. ते दोन दिवसांत थोडे थोडे करून १.००९ वर आणले. माशाच्या रक्ताच्या जवळ आल्यामुळे त्याची तहान हलकी होते आणि कोषातली पिले मात्र फुगून फुटतात. सोनेरी धुळीवर याचा उपयोग होत नाही, म्हणूनच आधी सूक्ष्मदर्शक हवा होता. शेवटचा ठिपका गेल्यावर पुढे चार आठवडे हेच पाणी ठेवायचे. हायड्रोमीटर मात्र खात्रीचा हवा.

टबात मलमूत्र पचवणारे जिवाणू नसतात, तेव्हा रोज चौथा हिस्सा पाणी बदलावे लागते. आमच्याकडे त्याला पावसाने साथ दिली. कौलांवर दोन-चार सरी होऊन गेल्यावर धरलेले पाणी नळाच्या क्लोरीनच्या पाण्यापेक्षा शतपट चांगले. पत्र्यावरचे नको, जस्त उतरते. त्यात विकत मिळणारे समुद्री क्षारांचे मिश्रण घालायचे. पेण-उरणकडच्या मिठागरातले मीठ स्वस्त, आणि शेवटी समुद्राचेच, म्हणून ते घालावे असे सुचवणारे भेटतात. पण मीठ जमले की वरचे कडू पाणी मिठागरात सोडून देतात, आणि समुद्राचे मॅग्नेशियम बरेचसे त्याच पाण्यात जाते. मागे राहते ते भाजीचे मीठ.

सर्वांत मोठा शत्रू ठरली ती वीज. श्रावणात एका रात्री पाच तास दिवे नव्हते. १९१५ साली खोपोलीला आणि १९२२ साली भिवपुरीला टाटांनी वीजघर उभारले, त्या डोंगराखाली राहून आम्ही मेणबत्त्या शोधतो, हा आमच्या तालुक्यांचा जुना विनोद आहे. वहिनींनी बॅटरीचा छोटा पंप आधीच आणवून ठेवला होता.

मोठ्या पेटीत या काळात एकही मासा ठेवला नाही. निळे औषध काढण्यासाठी तीन वेळा अर्धे पाणी बदलले, कोळशाची पिशवी टाकली, आणि दहा आठवडे ती तशीच फिरती ठेवली, म्हणजे कोषांतून निघणाऱ्या पिलांना यजमानच मिळू नये. खालापूरच्या मित्रमंडळींनी “रिकाम्या पेटीला बिल कशाला भरता?” म्हणून पुष्कळ थट्टा केली. सहाव्या आठवड्यात आमच्या स्नेह्यांचा धीर सुटत आला होता. टबातले दोघे तेव्हा वहिनींच्या बोटांमागे धावत होते, नाडी सत्तरीत. क्लाऊनफिश नीट सांभाळला तर पेटीत दहा वर्षांहून अधिक जगतो. त्यातले दहा आठवडे काय ते मोठे, असे वहिनींनीच त्यांना सुनावले.

दिवाळीपूर्वी आठवडाभर खारेपणा हळूहळू चढवून दोघांना मोठ्या पेटीत सोडले. नवा टँग आणायचा बेत तेव्हाच निघाला. आणावा, पण आधी त्याच टबात सहा आठवडे बसवावा, एवढी अट मी घातली. सणाच्या दिवसांत आणखी एक सांगतो. हवेचा पंप खोलीतलीच हवा पाण्यात ढकलतो. भिंतींचा ताजा रंग, डासांची कॉइल, अगरबत्ती, फटाक्यांचा धूर, सगळे त्यातून माशापर्यंत पोचते. रंगकाम चालू असेल तर पंप दुसऱ्या खोलीत ठेवून लांब नळीने हवा न्यावी. आणि टब, जाळी, नळीचे तुकडे ब्लीचिंगच्या पाण्याने धुऊन गच्चीवर उलटे टाकावेत. श्रावणभर न मिळालेले ऊन आता मिळते; दोन दिवस खडखडीत वाळू द्यावेत, ओलाव्याचा टिपूस राहू देऊ नये, आणि जाळी मोठ्या पेटीसाठी वेगळीच ठेवावी.